कंपवाताचा रोगी आणि त्याच्या मेंदूचे तरंग

कंपवात या नावात फक्त कंप आहे. हात थरथरतो, अंग ताठते, पाऊल आखूड पडू लागते, चेहरा भावशून्य दिसतो, अक्षर बारीक होत जाते. या खुणांवरून रोग ओळखला जातो आणि औषधाचा गुण आला की नाही हेही याच खुणांवरून ठरविले जाते. परंतु या रोग्यांपैकी पुष्कळांची स्मृती, अवधान आणि व्यवहारातील निर्णयशक्ती काही वर्षांनी क्षीण होऊ लागते, ही गोष्ट नावात नाही आणि बहुधा घरच्यांच्या ध्यानातही नसते. ध्यानात आलीच तर ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तिच्यावर पांघरूण घालावयास तयार असते. वडिलांचा हात कापू लागला म्हणजे मुलगा त्यांना डॉक्टरांकडे नेतो. तेच वडील सकाळची गोळी दोनदा घेऊ लागले, ओळखीच्या रस्त्यावर घुटमळू लागले किंवा बँकेच्या कागदावर सही कोठे करावयाची हे त्यांना उमगेनासे झाले, म्हणजे मात्र दोष वयाला दिला जातो. हा दोष पुष्कळदा वयाचा नसून रोगाचाच असतो. तो वेळीच मोजण्यास साह्य करील असे एक उपकरण देशातील अनेक रुग्णालयांत आज उभे आहे. या कामासाठी मात्र ते क्वचितच वापरले जाते.

या दुर्लक्षाचा उगम रोगाच्या पहिल्या वर्णनातच आहे. लंडनमधील जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या ‘थरथरत्या पक्षाघाता’वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रोग्यांची हकीकत होती, आणि त्यांपैकी काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. शरीराच्या हालचालींचे त्यांनी केलेले वर्णन आजही अचूक वाटते. परंतु इंद्रिये व बुद्धी यांस या रोगात बाध येत नाही, असेही त्यांनी रोगाच्या व्याख्येतच लिहून ठेवले. रस्त्याने जाणाऱ्या माणसाची चाल दुरून दिसते, त्याची स्मृती दुरून दिसत नाही, एवढे म्हटले म्हणजे पुरे. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी या रोगास पार्किन्सन यांचे नाव दिले आणि उत्तरावस्थेत मनही दुबळे होते याची नोंद केली. तथापि पाठ्यपुस्तकांच्या कित्येक पिढ्यांनी शार्को यांच्या निरीक्षणापेक्षा पार्किन्सन यांचे विधानच अधिक जपले.

विसाव्या शतकातील मोठे शोधही हालचालींच्याच बाजूने लागले. १९१२ साली लेवी यांनी रोग्यांच्या मज्जापेशींत एक प्रकारचे गोल कण पाहिले. १९१९ साली त्रेत्याकॉफ यांनी मेंदूच्या बुंध्याजवळील एका काळसर भागातील पेशी या रोगात नाश पावतात हे दाखविले. १९६० साली व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकिएविच यांना मृत रोग्यांच्या मेंदूत डोपामीन या द्रव्याची मोठी तूट आढळली, आणि १९६७ साली कॉट्झियास यांनी लेव्होडोपा हे औषध क्रमाक्रमाने मोठ्या मात्रेत देऊन खिळून बसलेल्या माणसांना चालविले. हे लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत असते. मद्रास येथील दामोदरन् व रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच त्या बियांतून वेगळे काढले होते. त्याचा कंपवाताशी संबंध मात्र तेव्हा जगात कोणासही ठाऊक नव्हता.

लेव्होडोपाचे यश इतके डोळ्यांत भरणारे होते की, रोग म्हणजे डोपामीनची तूट, आणि तूट भरली म्हणजे काम झाले, असा समज रूढ झाला. तो पुरा खरा नाही. १९९७ साली लेवी यांच्या कणांचा मुख्य घटक असलेले प्रथिन ओळखले गेले आणि ते मेंदूच्या छेदांत रंगवून पाहता येऊ लागले. तेव्हा हे कण त्या एका काळसर भागापुरते मर्यादित नसून कित्येक रोग्यांत मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत, म्हणजे विचार व स्मृती यांच्या प्रदेशापर्यंत पसरलेले असतात, हे अधिक स्पष्ट झाले. लेव्होडोपाने पाय चालू लागतात. बुद्धीची ओहोटी त्याने थांबत नाही.

ही ओहोटी किती जणांस लागते? ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १३६ नव्या रोग्यांचा वीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला. वीस वर्षांनी जे हयात होते त्यांपैकी ८३ टक्क्यांस स्मृतिभ्रंश जडला होता. हा आकडा भयंकर वाटतो, आणि पुष्कळ रोग्यांच्या मनात त्याने धास्ती भरली आहे. परंतु २०२४ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या मोजणीने वेगळे चित्र दाखविले. तीत स्वयंसेवकांच्या एका मोठ्या गटात दहा वर्षांच्या अखेरीस स्मृतिभ्रंशाची शक्यता सुमारे ९ टक्केच निघाली. एका विद्यापीठाच्या रुग्णालयातील दुसऱ्या गटात मात्र ती त्याच मुदतीत सुमारे २७ टक्के होती. कमी आकडा आलेल्या गटातील बहुतेक माणसे सुशिक्षित होती हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कोणाचे मन लवकर खचेल आणि कोणाचे शेवटपर्यंत शाबूत राहील हे सरासरीच्या आकड्यावरून सांगता येत नाही. रोग्याला व त्याच्या घरच्यांना तर नेमके तेवढेच हवे असते.

बुद्धीची पारख आज बहुधा प्रश्नांनी केली जाते. कॅनडातील माँट्रियल येथे तयार होऊन २००५ साली प्रसिद्ध झालेली तीस गुणांची एक चाचणी जगभर वापरली जाते. तीत घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटांची वेळ दाखवावयाची असते, घनाची आकृती उतरवावयाची असते, अंक आणि अक्षरे आळीपाळीने जोडावयाची असतात, शंभरातून सात-सात वजा करावयाचे असतात. बारा वर्षे किंवा त्याहून कमी शाळा शिकलेल्यास एक गुण अधिक द्यावा, अशी सवलत तीत ठेवलेली आहे. एक गुण! ज्या देशात शाळा सक्तीची आणि सार्वत्रिक आहे तेथे ती पुरत असेल. भारतात १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते, आणि स्त्रियांत तर ते ८.८६ टक्केच होते. त्या सुमारास ज्या मुली लहान होत्या त्या आज कंपवाताच्या वयाच्या आजीबाई आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळींनी पुढेही शाळेचे तोंड पाहिले नाही. अशा बाईच्या हाती पेन्सील देऊन घन काढावयास सांगितले, तर तिचे अपयश रोगाचे की न मिळालेल्या शिक्षणाचे? त्यातच रोगाने तिचा हात थरथरत असतो आणि बोटे आखडलेली असतात. उलट, जन्मभर जमाखर्च लिहिलेला एखादा कारकून मनाने बराच खचला तरी वजाबाकी बिनचूक करून दाखवितो आणि त्याची खरी स्थिती झाकली जाते.

ही अडचण भारतातील संशोधकांना फार पूर्वीच जाणवली. हरियाणातील बल्लभगढ येथील खेड्यापाड्यांतील वृद्धांसाठी एका अमेरिकन प्रश्नावलीचे हिंदी रूप मुद्दाम तयार करण्यात आले आणि ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात लेखन-वाचनाचे प्रश्न बदलून निरक्षर माणसासही झेपतील असे प्रश्न घालण्यात आले. हे काम मोलाचे आहे, आणि देशातील प्रत्येक मोठ्या भाषेत ते अधिक व्हावयास हवे. तथापि ज्या देशात वीस-बावीस मोठ्या भाषा आणि शेकडो बोली आहेत, तेथे प्रत्येक बोलीत पारखलेली प्रश्नावली होईपर्यंत कंपवाताच्या रोग्याने थांबावे, असे म्हणणे रास्त नाही. म्हणूनच जिला भाषा आणि अक्षर यांची गरज जवळजवळ पडत नाही अशी चाचणी भारतात अधिक मोलाची ठरते. मेंदूचा विद्युत्-आलेख, रुग्णालयांत ज्याला ईईजी म्हणतात, ही तशी चाचणी आहे. तीत रोग्याने डोळे मिटून, जागे राहून, स्वस्थ बसावयाचे असते. एवढी सूचना कोणत्याही बोलीत देता येते.

मेंदूत विद्युत्-प्रवाह आहेत हे लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन यांनी १८७५ साली प्राण्यांच्या उघड्या मेंदूवर तारा ठेवून पाहिले. माणसाच्या शाबूत कवटीवरून ते टिपण्याचे श्रेय जर्मनीतील येना येथील हान्स बेर्गर यांचे. त्यांनी १९२४ साली पहिला मानवी आलेख घेतला आणि पाच वर्षे पुन्हापुन्हा तपासून १९२९ साली प्रसिद्ध केला. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही त्यांनी अनेकदा प्रयोग केले. कित्येकांना त्यांचे म्हणणे खरे वाटेना. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखविल्यावर त्याला मान्यता मिळाली.

एका मज्जापेशीची विद्युत् इतकी सूक्ष्म असते की कवटीबाहेर तिचा मागमूस लागत नाही. परंतु आरतीच्या वेळी शंभर माणसे निरनिराळ्या वेळी टाळ्या वाजवू लागली तर नुसता कलकलाट ऐकू येतो, आणि तीच माणसे एका तालावर आली की देवळाबाहेर ताल ऐकू येतो. तसेच येथे घडते. लक्षावधी पेशी एका तालावर आल्या म्हणजे टाळूवर चिकटविलेल्या धातूच्या चकत्यांपर्यंत व्होल्टच्या काही दशलक्षांशांइतका चढउतार पोहोचतो. जागा असलेला निरोगी माणूस डोळे मिटून बसला की डोक्याच्या मागील भागावर हा ताल सर्वांत स्वच्छ दिसतो. त्याची आवर्तने सेकंदास ८ ते १३ असतात. प्रौढांत बहुधा ९ किंवा १०. डोळे उघडताच तो मावळतो. बेर्गर यांनी त्याला अल्फा हे नाव दिले. त्याहून मंद, सेकंदास ४ ते ८ आवर्तनांच्या तरंगांस थीटा म्हणतात आणि चाराहून कमी आवर्तनांच्या तरंगांस डेल्टा. पूर्वी हा आलेख सेकंदास ३० मिलिमीटर वेगाने सरकणाऱ्या कागदावर शाईने उमटत असे. आता तो पडद्यावर दिसतो. एका सेकंदाच्या पट्ट्यात किती शिखरे आहेत हे शाळेतील मुलगाही मोजू शकेल.

भारतात या यंत्राने एक निराळीच वाट चोखाळली होती. दिल्ली येथे आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख घेतले आणि समाधीत त्यांचा अल्फा ताल बाहेरच्या आवाजाने वा स्पर्शाने मोडत नाही, असे १९६१ साली प्रसिद्ध केले. त्या कामाचे कुतूहल अजूनही टिकून आहे. तेवढ्या कुतूहलाचा थोडा भाग घराच्या ओटीवर बसून नातवाचे नाव आठवीत असलेल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते.

कंपवातात बुद्धी खचू लागली म्हणजे हा ताल मंदावतो. सेकंदास दहा शिखरे होती तेथे नऊ, मग आठ, मग सात होतात. थीटा तरंग वाढतात आणि रोग पुढे गेल्यावर डेल्टाही डोकावू लागतात. यात महत्त्वाची गोष्ट अशी की, हा मंदपणा प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाच्या आधीही दिसू शकतो. अमेरिकेतील ॲरिझोना येथे स्मृतिभ्रंश नसलेल्या १०६ रोग्यांचे आलेख घेऊन पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांचा मूळ ताल सेकंदास साडेआठ आवर्तनांहून मंद होता त्यांस स्मृतिभ्रंश होण्याचा धोका, ताल वेगवान असलेल्यांच्या मानाने, तेरापट निघाला. एकशे सहा माणसे म्हणजे काही मोठी संख्या नव्हे, आणि तेरा हा आकडा दुसऱ्या गटात तसाच येईल असे धरून चालणेही योग्य नाही. परंतु मंदावलेला ताल हे अनिष्टाचे चिन्ह असते, ही दिशा त्यानंतरच्या निरनिराळ्या अभ्यासांतही दिसून आली आहे. कंपवाताच्या जवळच्या नात्यातील, लेवी यांच्या कणांमुळेच होणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी २०१७ साली तज्ज्ञांनी जे निकष ठरविले, त्यांत डोक्याच्या मागील भागावरील मंद तरंगांस साह्यकारी चिन्ह म्हणून स्थान मिळाले आहे.

ताल मंदावतो कशामुळे? याचे एक कारण असे समजले जाते की, मेंदूच्या तळाशी असलेल्या ज्या पेशी ॲसेटिलकोलीन नावाचे द्रव्य सर्व पृष्ठभागास पुरवितात त्याही या रोगात झडतात. हे द्रव्य मेंदूला जागे व सावध ठेवते. ते आटले की थॅलॅमस हा मेंदूतील मधला भाग व पृष्ठभाग यांच्यात चालणारी तालाची देवाणघेवाण संथ होते. धोतऱ्याने माणूस वेडापिसा होतो हे खेड्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. धोतऱ्यातील स्कोपोलामिन ॲसेटिलकोलीनचेच काम अडविते, आणि ते दिले असता निरोगी माणसाच्या आलेखातही मंद तरंग वाढतात.

येथे एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती या सर्व विवेचनातील सर्वांत निकडीची आहे. कंपवातावरील औषधांचा सर्वांत जुना वर्ग याच जातीचा आहे. शार्को यांच्या काळी धोतरा-बेलाडोना या कुळातील वनस्पतींची द्रव्ये कंप कमी करण्यासाठी देत असत, आणि ट्रायहेक्सिफेनिडिल हे त्याच गुणाचे रासायनिक औषध आजही चालू आहे. ते स्वस्त आहे, हाताचा कंप त्याने कमी होतो, आणि एकदा चिठ्ठीवर चढले की वर्षानुवर्षे तसेच चालत राहते. तरुण रोग्यास ते पुष्कळदा सोसते. सत्तरी ओलांडलेल्या रोग्यात मात्र तेच स्मृती बिघडविते, भास निर्माण करते आणि घरच्यांना वाटते की म्हातारपण आले. आलेखातील ताल मंदावलेला दिसला, तर प्रथम रोग्याच्या औषधांची पिशवी उलटी करून पाहिली पाहिजे. अर्थात् असे कोणतेही औषध रोग्याने वा नातेवाइकाने आपल्या मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावयाचे असते.

या साधनाच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ताल मंद होण्याची कारणे एक ना दोन. डुलकी लागली तरी थीटा तरंग येतात. कंठग्रंथीचे कार्य मंदावले, यकृत बिघडले, शरीरातील क्षारांचे प्रमाण ढळले, झोपेच्या किंवा अपस्माराच्या गोळ्या चालू असल्या तरी आलेख मंद दिसतो. वयानेही ताल थोडासा उतरतो. काही माणसांचा ताल तर तारुण्यापासूनच सेकंदास साडेआठाचा असतो आणि त्यांचे काही बिघडलेले नसते. म्हणून एका आलेखावरून कोणास ‘बुद्धी चालली’ असे सांगणे हा अविचार होय. शिवाय मंद तरंग म्हणजे सर्वत्र वाईटच, असेही नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कंपवाताच्या शंभर रोग्यांना एकसारख्या ध्वनींत मधूनच येणारा निराळा ध्वनी ओळखावयास सांगून आलेख घेण्यात आले, आणि ते काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. निरोगी माणसात असा अनपेक्षित ध्वनी येताच कपाळामागील भागातून मंद तरंगांचा एक क्षणिक उसळा उठतो. ज्यांची बुद्धी खचली होती त्यांच्यात हा उसळा क्षीण होता. म्हणजे स्वस्थ बसले असता जे तरंग अधिक असणे वाईट, तेच काम पडताच पुरेसे न उठणे हेही वाईट. मेंदूचे शास्त्र एका वाक्यात बसवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कंपवातातील बुद्धिऱ्हास थांबविणारे औषध आज नाही; मग तो येणार हे आधी कळून उपयोग काय, उलट रोग्याच्या उरलेल्या सुखाच्या दिवसांवर सावट पडेल. हा आक्षेप दयाबुद्धीतून येतो, आणि तो हेटाळणीने उडवून देण्यासारखा नाही. ज्या रोग्याला आपले भविष्य ऐकावयाचे नसेल त्याला ते ऐकविण्याचा अधिकार कोणास नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु आक्षेपाचा पहिला भाग पुरता खरा नाही. बुद्धीला घातक औषधे कमी करणे हाच एक मोठा उपाय आहे, हे वर आलेच आहे. रिव्हास्टिग्मिन हे ॲसेटिलकोलीन टिकवून धरणारे औषध ५४१ रोग्यांवर पारखण्यात आले आणि २००४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याने स्मृतिभ्रंश झालेल्या रोग्यांत थोडीफार सुधारणा दिसली. ती थोडीच होती हे खरे. पण स्वतःच्या हाताने जेवणे आणि पत्नीची ओळख पटणे या गोष्टी ‘थोड्या’ म्हणून टाकून देण्यासारख्या नाहीत. मेंदूत तार बसवून कंप व ताठरपणा कमी करण्याची शस्त्रक्रिया आता भारतातील मोठ्या शहरांत होते. तिचा खर्च कुटुंबाला कर्जात लोटण्याइतका असू शकतो, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या रोग्यास ती सहसा करीत नाहीत. घर गहाण टाकण्यापूर्वी रोग्याच्या मनाची स्थिती जितक्या अंगांनी तपासता येईल तितकी तपासली पाहिजे, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही.

आणि औषधापलीकडेही पुष्कळ काही असते. शेत कोणाच्या नावे करावयाचे, धाकट्या मुलीच्या वाट्याचे काय, बँकेतील खाते कोणी पाहावयाचे, स्कूटर चालविणे केव्हा सोडावयाचे, हे निर्णय माणसाने स्वतः, शुद्ध बुद्धीने घ्यावयाचे असतात. ते लांबले आणि मधल्या काळात मन खचले की मृत्युपत्रावरील अंगठा खरा की खोटा, यावरून भावंडे कोर्टात उभी राहतात. ‘आत्ताच कशाला’ म्हणून जी गोष्ट पुढे ढकलली जाते, तिला वेळ किती उरला आहे याचा अंदाज असणे हा रोग्याचाच लाभ आहे.

दुसरा आक्षेप यंत्राऐवजी माणसाच्या बाजूने घेतला जातो: रोग्याच्या बायकोला विचारले तर सर्व काही कळते, त्यासाठी डोक्याला तारा कशाला? यात बरेच तथ्य आहे. घरातील माणसाची साक्ष हा कोणत्याही तपासणीचा कणा आहे आणि आलेखाने तिची जागा घेऊ नये. परंतु ज्या घरात म्हाताऱ्याशी दिवसाकाठी चार वाक्येही कोणी बोलत नाही, जेथे मुले परगावी नोकरीस आहेत आणि शेजारीण डबा आणून ठेवते, तेथे साक्ष कोणाची घ्यावयाची? शिवाय घरातील स्त्रीच रोगी असेल तर, ती भाकरी करते तोवर तिच्या बुद्धीबद्दल कोणी प्रश्नच विचारीत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

म्हणून करावयाची गोष्ट अशी. कंपवाताचे निदान होताच, हालचालींची तपासणी होते त्याच सुमारास, रोग्याचा एक आलेख घेऊन ठेवावा आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा घ्यावा. एरवी अपस्माराच्या रोग्यांसाठी चालणारे यंत्र याच कामाला पुरते. चुंबकीय छायाचित्राच्या मानाने त्याचा खर्च पुष्कळ कमी असतो आणि तपासणी सुमारे अर्ध्या तासात आटोपते. मंद तालाची सीमा साडेआठ की आठ हा वाद परदेशी माणसांच्या मोजणीवरून सोडविण्याची फारशी गरज नाही, कारण येथे तुलना परक्या माणसाशी नसून रोग्याची त्याच्या स्वतःशी आहे. पहिल्या वर्षी साडेनऊ असलेला ताल चौथ्या वर्षी आठावर आला, तर तो माणूस कोणत्या प्रांतातला आणि किती शिकलेला हे न विचारताही काही बदलले आहे हे कळते. मग प्रश्न विचारण्याची, औषधे तपासण्याची, रक्त पाहण्याची आणि घरच्यांशी बोलण्याची वेळ आलेली असते.

यासाठी आलेखाचा अहवाल मात्र आजच्याहून निराळा लिहावा लागेल. अपस्माराची चिन्हे नाहीत, आलेख सर्वसाधारण आहे, असा शेरा मारून कागद परत देण्याची जी पद्धत आहे तीत तालाची संख्या पुष्कळदा नोंदविलीच जात नाही, आणि ती नसली तर पुढच्या आलेखाशी तुलना करावयास काही हाती राहत नाही. अहवालावर तालाचा आकडा असावा. रोग्याचे वय, तपासणीची वेळ, लेव्होडोपाची शेवटची गोळी केव्हा घेतली, इतर कोणकोणती औषधे चालू आहेत, आलेख घेताना रोगी पूर्ण जागा होता की पेंगत होता, या गोष्टी त्याच कागदावर याव्यात. आणि त्याची एक प्रत रुग्णालयाच्या कपाटाखेरीज रोग्याच्या घरी, शिधापत्रिका व जमिनीचे कागद ज्या पेटीत असतात त्या पेटीत असावी. रुग्णालये बदलतात, डॉक्टर बदलतात, ती पेटी बहुधा जागेवर असते.